ब्राउरोन : अथेन्सच्या मुली जिथे अस्वलं व्हायच्या

पाऊलवाट

परतीचं विमान रात्रीचं आणि हॉटेलची खोली सकाळी अकराला सोडायची. अक्रोपोलिस आदल्या दिवशीच पायाखालून गेलं होतं. विमानतळाजवळ काही बघण्यासारखं आहे का म्हणून नकाशा चाळताना व्रावरोना हे नाव दिसलं. जुनं नाव ब्राउरोन. टॅक्सीवाल्याने आधी समुद्रकाठच्या एका हॉटेलापुढे नेऊन उभं केलं, कारण त्याच्या अनुभवानुसार तिथे लोक पोहायलाच जातात. देवळात जायचंय म्हटल्यावर त्याने आरशातून आमच्याकडे नीट पाहून घेतलं.

ॲटिकाचा (अथेन्सभोवतालच्या प्रदेशाचा) पूर्व किनारा, अथेन्सपासून साधारण ३८ किलोमीटर. एरासिनोस नावाची नदी इथे समुद्राला मिळते. नदी म्हणायची, पण आपल्याकडे तिला कुणीही ओढाच म्हणेल. सगळा भाग पाणथळ, लव्हाळ्यांनी भरलेला, आणि एप्रिलमध्ये बेडकांचा एवढा गलका की नवऱ्याशी मोठ्याने बोलावं लागत होतं.

हे आर्टेमिसचं ठाणं. रानाची, शिकारीची देवी म्हणून ती आपल्याला माहीत असते. पण ती बाळंतपणाचीही देवी. स्वतः कुमारी, आणि बाळंतिणीची भिस्त मात्र तिच्यावर. सुखरूप सुटका झाली तर तिची कृपा, आणि बाई दगावली तर बाणही तिचाच.

देवळाचं म्हणाल तर चौथऱ्यापलीकडे काही उरलेलं नाही. इ.स.पू. ५०० च्या आसपासचं, डोरिक पद्धतीचं, साधारण २० बाय ११ मीटर. आपल्या गावातलं मध्यम देऊळ समजा. वर टेकाडाच्या उतारावर नंतरच्या काळातलं सेंट जॉर्जचं चिमुकलं चॅपल आहे, ते मात्र शाबूत. देवळापेक्षा नजर ठरते ती तीन बाजूंनी अंगण वेढणाऱ्या ओसरीवर. ही इ.स.पू. ५ व्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिचे काही खांब १९६० च्या दशकात पुन्हा उभे केलेत. ओसरीमागे ओळीने खोल्या, आणि प्रत्येक खोलीत भिंतीला लागून अकरा बाजा मांडायची सोय. बाजा लाकडी होत्या, त्या कधीच कुजल्या. पण त्यांचे पाय बसवायला फरशीत कोरलेल्या खाचा अजून आहेत, आणि पाय हलू नयेत म्हणून त्यात शिसं ओतायचे. मी दोरीअलीकडे उकिडवी बसून त्या खाचा मोजत होते तेव्हा नवऱ्याने फोटो काढला. त्यात माझा काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखा चेहरा आलाय.

आता अस्वलं. अथेन्सच्या पाच ते दहा वर्षांच्या मुली इथे देवीच्या सेवेत यायच्या आणि त्या काळात त्यांना 'आर्क्तोइ', म्हणजे अस्वलं, म्हणत. कथा अशी : या भागात एक रानटी अस्वलीण माणसाळून लोकांत राहू लागली. एका लहान मुलीने तिला खेळता खेळता डिवचलं, तिने मुलीला ओरबाडलं, आणि मुलीच्या भावांनी तिला मारून टाकलं. अस्वलीण आर्टेमिसची. लगेच रोगराई आली. देववाणीने उपाय सांगितला : आपल्या मुलींना अस्वल व्हायला लावा. म्हणून अथेन्सकरांनी ठरवलं की अस्वल झाल्याशिवाय मुलीचं लग्न लावायचं नाही.

गुन्हा भावांचा आणि भरपाई सगळ्या गावच्या मुलींनी करायची, हे वाचून मी तिथेच हसले.

या मुली नेमकं काय करायच्या त्याचा पुरावा म्हणजे इथे सापडलेली छोटी मातीची भांडी. त्यांवर पळणाऱ्या, नाचणाऱ्या मुली रंगवल्यात. काही आखूड झग्यात, काही उघड्या. केस मोकळे, हातात कधी माळा, कधी मशाली. शेजारच्या संग्रहालयात ती भांडी आहेत, आणि लहान मुलांचे संगमरवरी पुतळेही. एक मुलगी झग्याच्या ओच्यात ससा धरून उभी आहे. सशाचे कान तिच्या बोटांत. आपण ओच्यात चिंचा गोळा करायचो ना, अगदी तसा एका हाताने ओचा वर धरलेला. त्या काचेपुढून मी बराच वेळ हलले नाही.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळंच आहे. बायका या देवीला कपडे वाहत. आणि देवस्थानचे अधिकारी त्या कपड्यांची यादी करून ती चक्क दगडावर कोरून घेत. इ.स.पू. ४ थ्या शतकाच्या मध्यातल्या अशा याद्यांचे तुकडे अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेत, कारण तिथेही ब्राउरोनच्या आर्टेमिसचं आवार होतं. अमुकीने वाहिलेला झगा, काठ जांभळा. तमुकीचं लोकरीचं वस्त्र, पेटीत. हे वस्त्र मूर्तीच्या अंगावर आहे. हे फाटकं. हे बेडकी हिरव्या रंगाचं. हे अर्धवट विणलेलं.

अर्धवट विणलेलं कुणी कशाला देवीला वाहील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी लिहावं.

---

काठावरचा

मस्त धागा. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहिणार होतो, पण पुढचा भाग आहे का?

---

तिरपागड

अथेन्सला जाऊन पार्थेनॉनऐवजी बाजांच्या खाचा मोजणारी व्यक्ती याच संस्थळावर सापडू शकते. दंडवत.

---

जुनी_बखर

अर्धवट विणलेल्या कपड्याबद्दल. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'इफिजेनिया इन टॉरिस' या नाटकाच्या शेवटी अथीना देवी प्रकट होते आणि इफिजेनियाला (ॲगमेम्नॉन राजाची मुलगी, टॉरिसमधली आर्टेमिसची पुजारीण) सांगते की तू ब्राउरोनला आर्टेमिसची किल्लेदारीण होशील (किल्ले नव्हे, किल्ल्या सांभाळणारी!), तिथेच तुला पुरतील, आणि बाळंतपणात गेलेल्या बायका घरात जी तलम वस्त्रं मागे ठेवून जातील ती तुला वाहतील.

म्हणजे सुटका झालेलीचा कपडा आर्टेमिसला आणि न झालेलीचा इफिजेनियाला. यावरून काही अभ्यासक म्हणतात की यादीतलं अर्धवट विणलेलं कापड हे मागावर राहून गेलेलं कापड. विणणारी गेली, घरच्यांनी आहे तसं आणून वाहिलं. सगळ्यांना हे पटत नाही. नाटकातली ओळ आणि हिशेबाची यादी यांची सांगड घालताना जपून, हे त्यांचं म्हणणं. याद्यांत मेलेल्या बाईचं म्हणून काही वेगळं नोंदवलेलं नाही, आणि नुसती लोकरही वाहिल्याच्या नोंदी आहेत.

इफिजेनियाची म्हणून जी जागा दाखवतात ती देवळाच्या आग्नेयेला आहे. छत कोसळलेली गुहा, आणि आत छोट्या खोल्यांचे पाये. पाऊलवाट, ती पाहिलीत का?

---

पाऊलवाट

@जुनी_बखर, पाहिली, पण तेव्हा हे नाटक माहीत नव्हतं. नुसती दगडांची रास म्हणून पुढे गेले. आता चुटपुट लागली. किल्लेदारीण झकास!

---

रानभूल

आमच्या गावी (कोकण) देवीला वर्षभर साड्या येतात. नवरात्रानंतर त्यांचा लिलाव. पूर्वी ज्या घरात मूल राहत नाही त्या घरची बाई मुद्दाम देवीच्या अंगावरून उतरलेलं लुगडं मागून न्यायची आणि त्याची दुपटी शिवायची. देवस्थानच्या वहीत साड्यांची नोंद असते, पण ती नगांची : नऊवारी इतक्या, पाचवारी इतक्या, खण इतके. कुणी दिली ते नाव नाही. या यादीत वाहणारीचं नाव आहे हे वाचून बरं वाटलं.

---

काठावरचा

नाव म्हणजे तिचं स्वतःचं? की अमक्याची बायको?

---

जुनी_बखर

दोन्ही. बऱ्याच नोंदींत बाईचं नाव आणि पुढे अमक्याची बायको किंवा मुलगी. लक्षात घ्या, अथेन्सच्या कोर्टात भल्या घरच्या जित्या बाईचं नाव घेणंही बोलणारे टाळत. अमक्याची आई, तमक्याची बहीण असं म्हणत. त्याच शहराच्या अक्रोपोलिसवर, येताजाता कुणीही वाचेल अशा दगडावर, बाईचं नाव आणि तिच्या झग्याचा काठ.

संग्रहालयात एक शिल्पपट आहे. घरचे सगळे, मुलंबाळं, बळीसाठी बैल घेऊन आर्टेमिसपुढे चाललेत. खाली लेख : थोराइच्या अँटिफाटेसची बायको अरिस्टोनिके हिने नवस बोलून वाहिलं. चित्रात नवरा आहे, पण वाहणारी ती.

---

चकलीचा_सोऱ्या

त्या मुलींचा झगा केशरात रंगवलेला असायचा असं वाचल्याचं आठवतं. पाऊलवाट यांनी लिहिलं नाही.

(भगवा म्हणत नाहीये. धागा तिकडे नेऊ नये ही विनंती.)

---

जुनी_बखर

@चकलीचा_सोऱ्या, बरोबर. त्याला क्रोकोटोस म्हणत. ॲरिस्टोफेनिसच्या 'लायसिस्ट्राटा' या नाटकात (इ.स.पू. ४११) बायकांचा जथा आपण शहरासाठी काय काय केलं ते सुनावतो : सात वर्षांची झाले नि आरेफोरोस (अथीनाच्या सेवेतली मुलगी) झाले, दहाव्या वर्षी देवीचं धान्य दळलं, मग केशरी झग्यात ब्राउरोनची अस्वल झाले, आणि पुढे मिरवणुकीत टोपली डोक्यावर घेतली. आता गंमत पाहा. हस्तलिखितांत इथे पाठभेद आहे. अक्षरं एका तऱ्हेने वाचली तर 'केशरी झगा नेसून', दुसऱ्या तऱ्हेने वाचली तर 'केशरी झगा अंगावरून गळू देत'. भांड्यांवर काही मुली उघड्या का, या प्रश्नाशी हे थेट जुळतं. रानटीपण अंगावरून उतरवून टाकायचं आणि लग्नाजोगं व्हायचं, असा अर्थ लावणारे दुसऱ्या वाचनाला धरून बसलेत.

---

तिरपागड

म्हणजे सगळा सोहळा पोरींना वळण लावायचाच. आधी अस्वल म्हणा, मग अस्वलपण काढून घ्या.

---

गोधडी

तिरपागड, तसंच असेलही. पण सात वर्षांच्या मुलीच्या बाजूने बघा ना. घरात कोंडलेली, बाहेर दिसायचं नाही, पंधराव्या वर्षी तिशीच्या माणसाशी लग्न. त्यात काही दिवस समुद्राकाठी मैत्रिणींबरोबर केस मोकळे सोडून धावायचं आणि सगळ्यांनी तुम्हाला अस्वल म्हणायचं. मी तर गुरगुरलेच असते.

---

काठावरचा

+१ गुरगुरण्याला.

---

ऋ

शब्दाबद्दल थोडं. ग्रीक 'आर्क्तोस' आणि संस्कृत 'ऋक्ष' हे सख्खे भाऊ, एकाच मुळातले. अस्वलाला मराठीत 'रीस' हा जुना शब्द आहे, तोही याच ऋक्षाचा. सप्तर्षींना ऋग्वेदात 'ऋक्षाः' म्हटलंय (अमी य ऋक्षा निहितास उच्चा, १.२४.१०) आणि ग्रीकांनाही त्याच ताऱ्यांत अस्वल दिसलं. आर्क्टिक म्हणजे या अस्वलाखालचा प्रदेश. तेव्हा ब्राउरोनच्या मुली म्हणजे रिशी. ऋषी नव्हे!

---

चकलीचा_सोऱ्या

वा! आजपासून कन्येला रीस म्हणणार. वर्तनाशी जुळतंय.

---

निवांत_पोपट

हा सगळा खजिना इतका टिकला कसा, हे कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो (पेशाने सिव्हिल). पाणथळ जागेत देऊळ बांधलं की जे व्हायचं तेच झालं. एरासिनोस गाळ आणत राहिली, पूर येत राहिले, आणि इ.स.पू. ३ ऱ्या शतकात लोकांनी जागा सोडली. त्याच काळातल्या एका शिलालेखात आवारातल्या इमारतींची तपासणी आणि डागडुजी करायचा ठराव आहे. जुनं देऊळ, पार्थेनॉन (हो, इथेही एक पार्थेनॉन होतं, शब्दाचा अर्थच कुमारींचं दालन), घरं, व्यायामशाळा, तबेले अशी सगळी जंत्री. डागडुजी बहुधा पुरी पडली नाही. त्यातल्या बऱ्याच इमारती अजून जमिनीखालीच आहेत.

पण गाळानेच वाचवलंही. इओआनिस पापादिमित्रिऊ यांनी १९४८ ते १९६३ इथे खणलं, तेव्हा देवळाजवळच्या पवित्र झऱ्याच्या चिखलात बायकांनी टाकलेल्या वस्तू मिळाल्या : काशाचे आरसे, अंगठ्या, मणी, मुद्रा, आणि चक्क लाकडी वस्तू. लाकडाला हवा लागली नाही की ते अडीच हजार वर्षंही तग धरतं. ॲटिकाच्या कोरड्या मातीत लाकूड मिळणं जवळपास अशक्य.

आणि पाऊलवाट, पूल बघितलात का? त्याबद्दल एक अक्षर नाही! इ.स.पू. ५ व्या शतकातला दगडी पूल, कमान नाही, उभ्या दगडांच्या रांगांवर आडव्या शिळा टाकलेल्या. रुंदी सुमारे ९ मीटर. लांबीही जवळपास तेवढीच, म्हणजे पूल कसला, चौकोनी पाटच. एवढ्याशा ओढ्यावर एवढा रुंद पूल कशाला, तर मिरवणुकीसाठी. दर चार वर्षांनी मोठी जत्रा भरायची आणि अथेन्सहून मिरवणूक यायची.

---

पाऊलवाट

@निवांत_पोपट, पूल पाहिला. त्याच्या शिळांवर कासव बसलं होतं, मी कासवाचे सतरा फोटो काढले आणि पुलाचा एकही नाही. 🙏

---

जुनी_बखर

त्याच जत्रेची एक काळी आठवण ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितली आहे. लेम्नोस बेटावरच्या पेलास्जियन लोकांना अथेन्सचे सणवार पाठ होते. ते पन्नास वल्ह्यांची जहाजं घेऊन आले, ब्राउरोनला आर्टेमिसचा सण करणाऱ्या बायकांवर दबा धरला आणि बऱ्याच जणींना पळवून नेलं. त्या बायकांनी आपल्या मुलांना अथेन्सची भाषा आणि रीत शिकवली. ती मुलं एक होऊन बाकीच्या पोरांना भारी पडू लागली. मग पेलास्जियनांनी मुलंही मारली आणि आयाही. त्यावरून ग्रीसमध्ये क्रूर कृत्याला 'लेम्नोसचं काम' म्हणायची म्हण पडली.

मूर्तीचंही असंच. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिआस सांगतो की इराणचा राजा झर्क्सिसने ब्राउरोनची मूर्ती उचलून सुसाला नेली आणि पुढे ती सेल्युकसने (अलेक्झांडरचा सेनापती, नंतर राजा) सीरियातल्या लाओडिकियाला दिली. स्पार्टावाल्यांचं म्हणणं, इफिजेनियाने टॉरिसहून आणलेली खरी मूर्ती आमच्याकडेच आहे. पॉसेनिआसचा कल स्पार्टाकडे.

---

तिरपागड

मूळ मूर्ती आमचीच, हा वाद जागतिक आहे हे पाहून ड्वाळे पाणावले.

---

रानभूल

मघाशी साड्यांचं मीच लिहिलं, पण एक शंका येतेय. आपण भराभर ओटी, सटवाई, नवरात्र असं जुळवत जातो. आमच्याकडे कपडा देवीकडे जातो आणि प्रसाद होऊन परत घरी येतो. तिकडे वाहिलेला कपडा तिथेच राहायचा ना? परत कुणी नेसायचं नाही?

---

जुनी_बखर

तिथेच. देवीची मालमत्ता. म्हणून तर वर्षानुवर्षं तोच झगा यादीत पुन्हा पुन्हा येतो, आणि हळूहळू त्याच्यापुढे 'फाटकं' असा शेरा पडतो. आधीच्या अधिकाऱ्याने पुढच्याला चार्ज देताना करतात तशी ही यादी आहे. शेऱ्यासाठीचा शब्द 'राकोस', म्हणजे चिंधी. चिंधी झाली तरी टाकायची नाही, फक्त नोंदवायची. यावरही वाद आहेच. काहींच्या मते हे जीर्ण वस्त्र नव्हेच, मुलीच्या पहिल्या पाळीचं कापड वाहिलेलं असावं.

---

गोधडी

हे वाचून उठले आणि कपाट उघडलं. आईने माझ्या मुलीसाठी घेतलेला स्वेटर. पाठ पूर्ण, एक बाही अर्धी. सुया अजून त्यातच आहेत. काढल्या तर टाके सुटतील म्हणून अकरा वर्षं कुणी हात लावला नाही. मुलीच्या अंगाला तो आता होणारही नाही. माझ्या यादीत मी त्याला 'अर्धवट विणलेलं' एवढंच लिहिलं असतं, दुसरं काय लिहिणार.

---

काठावरचा

...

---

रानभूल

गोधडीताई ♥

---

निवांत_पोपट

पाऊलवाट, पुढच्या महिन्यात अथेन्सला कामासाठी जातोय. टॅक्सीशिवाय जाता येतं का? आणि किती वेळ ठेवू?

---

पाऊलवाट

मेट्रो आणि पुढे बस असं जाता येतं म्हणतात, आम्ही केलं नाही. संग्रहालय धरून तीन तास तरी ठेवा. आधी अवशेष, मग संग्रहालय. आम्ही उलटं केलं आणि उन्हात भाजलो. संग्रहालय थोडं लांब आहे, चालत दहा-पंधरा मिनिटं. पाणी आणि टोपी न्या, आवारात सावली नाही. टॅक्सीवाल्याला 'आर्खेओलोयिकोस होरोस' म्हणा, म्हणजे उत्खननाची जागा. देऊळ म्हणू नका. आणि कृपया पुलाचा फोटो काढून इथे टाका.

---

ऋ

एक राहिलं. यादीतल्या त्या 'बेडकी हिरव्या' वस्त्राला ग्रीकमध्ये 'बात्राखिस' म्हणतात. बात्राखोस म्हणजे बेडूक. रंगाला नाव द्यायला विणणारीला फार लांब जावं लागलं नसेल, तुमच्या वर्णनावरून.

---

पाऊलवाट

अरे! नवऱ्याच्या फोनमध्ये तिथला एक व्हिडिओ आहे. मी खाचा मोजतेय, 'नऊ, दहा, अकरा', आणि माझा आवाज बेडकांत ऐकूच येत नाही.